जुनेर आणि कात्रण : एका स्वेटशर्टच्या निमित्ताने

बदलापूरच्या थंडीची मुंबईकर थट्टा करतात. करू देत. जानेवारीत पहाटेच्या लोकलसाठी इथल्या फलाटावर दहा मिनिटं उभं राहिलात की थट्टा करणारे कुर्ल्याच्या पुढे आलेले नाहीत हे कळतं. याच थंडीसाठी कॉलेजात असताना घेतलेला माझा एक राखाडी स्वेटशर्ट होता. कोपरं झिजून पारदर्शक झाली, मनगटाच्या पट्ट्या सैल पडल्या, तरी टाकवेना. शेवटी गेल्या हिवाळ्यात मी त्याचं जॅकेट केलं. वर तुकडे जोडलेलं, गोधडीसारखं शिवलेलं, समोरून उघडणारं.

आता हे इथे का सांगतेय? या ब्लॉगवर येणाऱ्यांना माहीत आहे की माझ्या पीएचडीचा विषय कापड आहे. कापडाच्या गिरण्या नव्हेत. त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी शोधतेय ते कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये, घरात आलेलं कापड लोकांनी कसं वापरलं आणि कसं संपवलं. जॅकेट शिवताना प्रबंधातली एक गाठ सुटली. ती सांगायची तर आधी थोडी शिवणकामाची कृती सांगावी लागेल. कंटाळू नका, पुढचा सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

स्वेटशर्ट धुऊन इस्त्री करायचा. मनगटाच्या आणि कमरेच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या कापून टाकायच्या. बगलेपासून कमरेपर्यंतची आणि बाहीखालची शिवण उसवायची, म्हणजे तो चटईसारखा सपाट पसरतो. समोर गळ्यापासून खालपर्यंत मधोमध सरळ कात्री चालवायची. खांद्याच्या शिवणीवर सुती फीत टाचून घ्यायची. हे विसरलात तर होजिअरीचं कापड तुकड्यांच्या वजनाने लोंबायला लागतं. मग पाठीच्या मध्यावर पहिला तुकडा सुलटा ठेवायचा, त्यावर दुसरा उलटा, आणि कडेने खालच्या स्वेटशर्टसकट टीप मारायची. दुसरा तुकडा पालटायचा, इस्त्री फिरवायची, तिसरा लावायचा. असं मध्यापासून बाहेर जात राहायचं. शेवटी बाजू जोडायच्या आणि सगळ्या कडांना उरेब पट्टी. स्वेटशर्ट आपल्या मापापेक्षा एक नंबर मोठा असलेला बरा, कारण प्रत्येक टीप थोडं थोडं कापड खाते. सुईचंही बघा. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते, जीन्सच्या तुकड्यांना सोळा नंबरची जाड. मी आधी साध्या सुईने सुरुवात केली आणि अर्धी बाही टाके सुटून वाया गेली.

या कृतीत स्वेटशर्ट नेमकं काय काम करतो, ते बघा. तो बाहेरून दिसत नाही. आतून त्याची मऊ लव अंगाला लागते आणि वरच्या तुकड्यांना तो धरून ठेवतो. रजईत जे काम कापूस करतो, ते इथे वापरून झिजलेला कपडा करतो. म्हणजे रचना रजईची नाहीच. रचना गोधडीची आहे.

रजई आणि गोधडी यांत आपण बोलताना घोळ घालतो, पण फरक मोठा आहे. रजई किंवा दुलईत पिंजलेला कापूस असतो. त्यासाठी पिंजारी बोलवावा लागतो, कापूस विकत घ्यावा लागतो, वर नवं कापड लागतं. गोधडीत विकत घेतलेलं जवळपास काहीच नसतं, सुई-दोरा सोडून. खाली एक सबंध जुनं लुगडं, मध्ये फाटक्या धोतरांचे, लुगड्यांचे थर, वर बऱ्या रंगाचे तुकडे, आणि हे सगळं कडेपासून आत आत येत जाणाऱ्या धावदोऱ्याने एकजीव केलेलं. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात. बाळासाठी केली की दुपटं. भरण, अस्तर, वरचा थर, तिन्ही वापरलेलेच.

मराठीत अशा कापडाला एक नेमका शब्द आहे : जुनेर. जुनं झालेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं म्हणजे जुनेर. हा शब्द आता कमी ऐकू येतो, पण मला तो प्रबंधात फार उपयोगी पडला, कारण त्यात एक सबंध व्यवस्था आहे. नऊवारी लुगडं मधे फाटलं की टाकायचं नाही. फाटका भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला ‘दंड घालणं’ म्हणायचं. दंडाचं लुगडं आणखी काही वर्षं नेसायचं. ते विरलं की त्यातून परकर, झबली, दुपटी निघायची. उरलेलं गोधडीच्या पोटात जायचं. गोधडीही फाटली की तिच्यावर नवं जुनेर चढवून पुन्हा शिवायची. म्हणून जुन्या गोधड्या उसवल्या तर आत आधीची गोधडी सापडते. अगदी शेवटी फडकं, मग सारवायचं पोतेरं, मग चुलीत. चांगल्या स्थितीतलं काही असेल तर बोहारणीकडे जायचं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचं पातेलं यायचं. या उतरंडीवर घरातल्या बाईचा पूर्ण ताबा असे, आणि कोणतं कापड कधी खालच्या पायरीवर जाईल हे तीच ठरवायची. घराचा जमाखर्च नवऱ्याच्या हातात असला तरी हा जमाखर्च तिचा.

आता उल्हासनगरकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली, कल्याण कॅम्प. दोन हजारांहून अधिक बराकी, बहुतेकींत मधे मोठा दिवाणखाना आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जागा मिळाली. कराचीत ६ जानेवारी १९४८ रोजी दंगल झाली आणि त्यानंतर बोटींनी मुंबईला येणाऱ्यांचा ओघ वाढला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हासनगर हे नाव पडलं. लोक मात्र आजही ‘कॅम्प’च म्हणतात : कॅम्प एक, कॅम्प चार, कॅम्प पाच.

ही हकिगत तुम्ही वाचलेली असेल. तिच्या शेजारी कापडाची हकिगत ठेवून बघा. युद्धकाळात कापडाची इतकी टंचाई झाली की १९४३मध्ये सरकारला सूत आणि कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. पुढे कापड रेशनवर आलं. १९४८च्या जानेवारीत हे नियंत्रण उठवलं, भाव भडकले, आणि त्याच वर्षाच्या मध्याला ते पुन्हा लावावं लागलं. म्हणजे ज्या महिन्यांत माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एखाद्या वळकटीनिशी मुंबईच्या गोदीत उतरत होती, नेमक्या त्याच महिन्यांत बाजारातलं कापड हाताबाहेर गेलं होतं.

शिवाय बराकीत कापडाचं काम फक्त अंग झाकण्याचं नव्हतं. एकेका मोठ्या हॉलमध्ये अनेक कुटुंबं राहिली. मधे भिंत कसली? पोत्यांची, चादरींची, साड्यांची. पडदा म्हणजे घर. आंघोळीचा आडोसा कापडाचा, पाळणा कापडाचा, पांघरूण कापडाचं. फाटकं कापड टाकून देणं तेव्हा कोणालाच परवडणारं नव्हतं. बराकीतल्या सिंधी बाईला परवडत नव्हतं आणि पलीकडच्या गावठाणातल्या आगरी, कुणबी बाईलाही.

सिंधमध्ये गोधडीला रल्ली म्हणतात. मिसळणं, जोडणं या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द आला असं मानतात. रचना आपल्याच ओळखीची : वर सजवलेला थर, पोटात जुनं कापड, खाली अस्तर, आणि सरळ रेषांत जवळजवळ घातलेला धावदोरा. फरक वरच्या थरात आहे. रल्लीत चौकोन-त्रिकोण जोडून केलेली नक्षी, घडी घालून कातरलेल्या कापडाचं टाचकाम आणि भरतकाम असे प्रकार आहेत, आणि रंग भडक, भूमिती काटेकोर. मराठी गोधडी त्या मानाने मोकळी, हाताला येईल तो तुकडा लावत जाणारी. रल्लींवर पॅट्रिशिया स्टॉडार्ड यांचं इंग्रजी पुस्तक आहे. त्यात त्या रल्लीच्या नक्षीचं नातं सिंधू संस्कृतीच्या मडक्यांवरच्या नक्षीशी जोडतात. मला ते पटत नाही. चौकोनाचे त्रिकोण पाडायचे म्हटलं की जगात कुठेही त्याच आठ-दहा आकृत्या निघतात. साडेचार हजार वर्षांचा पूल बांधायला तेवढा पुरावा पुरत नाही. पण रल्ली कोण करतं याची त्यांची नोंद महत्त्वाची आहे. मेघवार, भिल्ल, कोल्ही, जोगी, साामी अशा समाजांतल्या, गावाकडच्या, गरीब घरांतल्या बायका या कलेत आघाडीवर. उल्हासनगरला आलेल्यांत मात्र शहरी, व्यापारी, नोकरदार कुटुंबं बरीच होती. म्हणून ‘सिंधी बायकांनी रल्लीची परंपरा सोबत आणली’ असं वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं ते खोडलं. ज्यांच्याकडे सिंधमध्ये रल्ली दुसऱ्याच्या हातची येत असेल, त्यांना ती इथे स्वतः शिवावी लागली असेल, ही शक्यता मला जास्त खरी वाटते. परंपरेपेक्षा टंचाईने जास्त गोधड्या शिवून घेतल्या आहेत.

हे सिद्ध कसं करायचं? इथेच माझी गाडी वर्षभर अडली होती. पुनर्वसनाच्या सरकारी कागदांत कापड आहे. निर्वासित बायकांसाठी शिवण आणि भरतकामाचे वर्ग देशभर काढले गेले, कारण नवऱ्याविना राहिलेल्या बाईला घरबसल्या कमावता येईल असा तो धंदा होता. पण वर्गात शिकवलं जायचं ते नव्या कापडाचं काम : झबली, सलवार, शर्ट, रुमालावरचं भरत. रेशनमध्ये मोजलं जायचं तेही नवं कापड, गजावर. गिरणीतून निघालेल्या गजाची नोंद होते, दुकानात विकलेल्या गजाची होते. तोच गज पुढे वीस वर्षं लुगडं, परकर, दुपटं, गोधडी, पोतेरं असा फिरतो, आणि त्या वीस वर्षांत तो एकाही कागदावर येत नाही. शिवाय पुरावा पांघरला जातो. तो धुतला जातो, विरतो, आणि त्याचं काम चोख झालं असेल तर शेवटी शिल्लकच राहत नाही. संग्रहालयात ज्या गोधड्या दिसतात त्या बहुतेक कमी वापरलेल्या, लग्नात दिलेल्या, जपून ठेवलेल्या. रोजची गोधडी तिथे पोचत नाही.

तर मी गोधड्या वाचायला शिकले. हे ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात भिंग घेऊन जमिनीवर बसायचं असतं. माझ्या आजोळी अंबरनाथला एक गोधडी आहे. तिच्या एका कोपऱ्यात कारखान्याच्या गणवेशाची खाकी आहे, कारण आजोबा कारखान्यात होते. मधल्या पट्टीत पातळाचे किनारीचे तुकडे आहेत. एका बाजूला मात्र चकचकीत, घसरडं, फिकट न झालेलं गुलाबी कापड आहे, नायलॉन. त्याच्याभोवतीचा सुती भाग विरून गेलाय, नायलॉन जसंच्या तसं, आणि जिथे दोन्ही शेजारी आहेत तिथे नायलॉनने सुती कापडाला ओढून फाडलंय. आजी म्हणायची, ‘‘हे मेलं काही जुनं होत नाही.’’ मला ते वाक्य प्रबंधाच्या एका प्रकरणाला पुरलं.

कारण जुनेराची उतरंड तिथेच मोडली. सुती कापड धुऊन मऊ होतं, पाणी शोषतं, सुईला वाट देतं, म्हणून ते पायरी पायरीने खाली येऊ शकतं. कृत्रिम धाग्याचं तसं नाही. रेयॉन बघा. उल्हासनगरच्या हद्दीत शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५०च्या दशकापासून आहे, म्हणजे हा धागा आमच्या दारातच तयार होत होता. रेयॉन दिसायला रेशमासारखा, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते; धोपटून धुण्याच्या आपल्या पद्धतीत तो टिकत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरचं उलट. ते टिकतात, नको इतके टिकतात. घाम शोषत नाहीत, बाळाच्या दुपट्याला चालत नाहीत, फडकं म्हणून ओटा पुसत नाहीत, चुलीजवळ नेले तर वितळून चिकटतात. टेरिकॉटचा शर्ट आणि नायलॉनची साडी यांनी घरातल्या बाईचे इस्त्रीचे कष्ट वाचवले, हे मान्य. पण तिच्या हातातली ती उतरंड गेली. जुना कपडा बोहारणीला द्यायचा एवढीच एक पायरी उरली.

आणि मग आलं कात्रण.

उल्हासनगरचा कपड्याचा धंदा तुम्हाला सांगायला नको. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रभर जुना झालाय. गजानंद मार्केट, जपानी बाजार ही नावं लग्नाच्या खरेदीला ठाणे-रायगडातून येणाऱ्यांना पाठ असतात. पुढे कॅम्प चार-पाचकडे जीन्सचे छोटे छोटे कारखाने वाढले, इतके की उल्हासनगरची जीन्स देशभर जाऊ लागली. (गंमत म्हणजे डंगरी हा इंग्रजीत गेलेला शब्द मुंबईच्या डोंगरीवरून पडला असं मानतात. जाडंभरडं निळं कापड आमच्याकडे फिरून आलं म्हणायचं.) जीन्स धुण्याच्या आणि रंगवण्याच्या कारखान्यांचं पाणी वालधुनीत गेलं. हीच नदी अंबरनाथला १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहते. पुढे प्रकरण हरित लवादात आणि न्यायालयात गेलं, आणि असे कारखाने बंद करण्याची कारवाई झाली. ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. इथे मला फक्त टेबलाखाली पडणारं कापड बघायचंय.

कटिंग मास्टर कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापतो. मापाबाहेर जे उरतं ते कात्रण, कतरन, चिंधी. ते पोत्यात भरतात आणि किलोवर विकतात. जाड तुकडे मशिनी पुसायला, बारीक चुरा गाद्या-उशांत भरायला, आणि बऱ्या आकाराचे तुकडे गोधडी, पायपुसणं, पिशव्या करणाऱ्यांकडे. हे कापड नवं आहे. ते कोणी नेसलेलं नाही, धुतलेलं नाही, कोणाच्या अंगाचा वास त्याला नाही. त्याची गोधडी होते, छान होते, भक्कम होते. फक्त ती उसवून मी घराचा इतिहास वाचू शकत नाही. कारखान्याचा वाचू शकते : कोणत्या वर्षी कुठला निळा चालत होता, सूत किती ताणलं जाणारं होतं, कापणारा किती काटकसरी होता.

माझी सुटलेली गाठ ती ही. मी तोवर सगळ्या गोधड्या एकाच रांगेत ठेवत होते, १९४८ची बराकीतली पहिली आणि १९९५ची शेवटची, आणि त्यांना ‘पुनर्वापराची सलग परंपरा’ म्हणत होते. जॅकेटच्या पाठीवर जीन्सचं कात्रण लावताना, खाली दहा वर्षं अंगावर घातलेला स्वेटशर्ट धरलेला असताना, हातालाच फरक कळला. एक कापड हवं तसं वळत होतं, दुसरं अडून बसत होतं. जुनेराची गोधडी आणि कात्रणाची गोधडी या दोन वेगळ्या अर्थव्यवस्था आहेत. पहिलीत घर आपलं कापड वाचवतं. दुसरीत घर कारखान्याचं कापड संपवतं, बहुतेकदा तुकड्यामागे मिळणाऱ्या मजुरीवर. दोन्हींत तोच धावदोरा, तीच बाई, तरी पहिलीत ती मालकीण आहे आणि दुसरीत कामगार. आता माझ्या प्रबंधात ही दोन प्रकरणं आहेत. मार्गदर्शकांनी ‘पुन्हा बदल?’ असं विचारलं, पण मान्य केलं.

तुकडे जोडलेल्या कोटांची जगभर आलेली लाट हाही याच फरकाचा एक तुकडा आहे. न्यूयॉर्कच्या बोडी या ब्रँडने जुन्या गोधड्या कापून जॅकेटं करायला सुरुवात केली आणि ती महाग विकली गेली. २०२१च्या मेट गालाला एसॅप रॉकी हा रॅपर गोधडी पांघरून आला, आणि नंतर बातम्या आल्या की त्यातली मूळ गोधडी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेली, कोणाच्या तरी पणजीने शिवलेली होती. ज्या देशात हे घडलं तिथेच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी १९४२मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. पुढे या गावच्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. आणि सुती स्वेटशर्टचा जन्मही त्याच अलाबामातला, १९२०च्या दशकात, रसेल यांच्या गिरणीत, फुटबॉल खेळणाऱ्या पोराला लोकरीची जर्सी टोचते म्हणून केलेला. माझा स्वेटशर्ट आणि गोधडी इतक्या लांबून शेजारी निघतील असं वाटलं नव्हतं.

पण ही लाट बघून सुखावून जायला मी तयार नाही. ‘आपल्या आज्या आधीपासूनच टिकाऊ जीवनशैली जगत होत्या’ अशी वाक्यं हल्ली फार ऐकू येतात. आज्या टंचाईत जगत होत्या. ठिगळ हा त्यांच्यासाठी अपमान होता, ते आतल्या बाजूला जाईल अशी त्या शिवण घालायच्या. आणि काहींना तर दुसऱ्याचं जुनेरच वाट्याला यायचं, जातीमुळे. डॉ. आंबेडकरांनी १९२७च्या डिसेंबरात महाडला बायकांशी बोलताना लुगडं नेसण्याच्या पद्धतीपासून दागिन्यांपर्यंत सगळं बदलायला सांगितलं, ते उगाच नव्हे. कपड्यावरून जात ओळखू येत होती. उलट बाजूला, ठिगळ मुद्दाम निवडणारेही आपल्याकडे झाले. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. त्याच्याही कितीतरी आधी, विनयपिटकातल्या महावग्गात बुद्ध मगधातल्या भातखाचरांकडे बोट दाखवून आनंदाला तसं चीवर करता येईल का विचारतात, आणि आनंद तुकड्यांचं चीवर बेततो. तिथे कारणही दिलंय : कापून जोडलेल्या वस्त्राचा कोणाला लोभ सुटत नाही. बाजारातली किंमत उतरवण्यासाठी कापड कापायचं! मेट गालाच्या नेमकं उलट.

यातून माझ्यापुढे एक खराखुरा पेच उभा राहिला, आणि तो अजून आहे. जॅकेटच्या कॉलरसाठी तुकडा कमी पडत होता. आजोळची ती गोधडी फाटलेलीच आहे, एका कडेने लोंबतेय. त्यातली खाकी काढली तर कॉलर सुरेख झाली असती, आणि आजीच्या नियमाने ते योग्यही होतं. तिने स्वतः तीन वेळा तरी तिच्यावर नवं जुनेर चढवलंय. तिच्या हिशेबात गोधडी ही पुढे चालणारी वस्तू, जपून ठेवायची नव्हे. माझ्या हिशेबात तो दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजाला कात्री लावत नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘काप की, पांघरतंय कोण?’’ मी दोन आठवडे गोधडी मशिनीशेजारी ठेवली. मग परत घडी घालून कपाटात टाकली आणि कॉलरला कात्रण लावलं. यात इतिहासाची बाजू घेतली की आजीच्या कलेचा एक टाका अडवला, ठरवता आलेलं नाही.

तुमच्या घरात गोधडी असेल, माळ्यावर, दिवाणात, गाडीच्या सीटवर, तर एक काम करा. धुवायच्या आधी दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंनी तिचा फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला शेजारी बसवून एकेका तुकड्यावर बोट ठेवत विचारा : हे कोणाचं, कुठून आलं, किती वर्षं वापरलं, दंड घातला होता का. उत्तरं कागदावर तिच्याच शब्दांत लिहा आणि तो कागद गोधडीच्या घडीत ठेवा. ‘काय त्यात एवढं’ असं ती सुरुवातीला म्हणेल. तिसऱ्या तुकड्यापर्यंत थांबा.

पुढचा लेख वालधुनीवर.